कुंझुमची वाट आणि मागली स्प्रिंग

मनालीहून स्पितीच्या खोऱ्यात उतरावयाचे म्हणजे कुंझुमची खिंड ओलांडावी लागते. २०२० साली अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांगची चढण टळते. परंतु ग्राम्फूपासून बातलपर्यंतची चंद्रा नदीकाठची वाट काही टळत नाही. वाट कसली, धोंड्यांची रासच ती! ओढे आडवे येतात, आणि दुपारी बर्फ वितळले म्हणजे तेच ओढे फुगतात. एका अंगास कडा, दुसऱ्या अंगास नदी.

या वाटेने आम्ही गेलो ते रॉयल एनफिल्डच्या २०१६ साली निघालेल्या ‘हिमालयन’ मोटारसायकलीवरून. मागे आमचे मेहुणे, आणि त्यांच्याही मागे दोन पिशव्यांत पंधरा दिवसांचा संसार. मनालीच्या कारागिराने गाडीकडे एकवार पाहिले व सांगितले, आधी मागली स्प्रिंग पाहू, मग खुशाल जा.

आपल्याकडे बैलगाडीत ओझे मागे पडले की गाडी उलार होते, जू वर उचलते आणि बैलांचे काही चालत नाही. येथेही तसेच. मागली स्प्रिंग ओझ्याने फार दबली म्हणजे पुढले चाक हलके पडते व सुट्या दगडांत हँडल ऐकेनासे होते. मोठ्या खड्ड्यात स्प्रिंग तळास आपटते. रात्री दिव्याचा झोत आभाळाकडे जातो तो निराळाच.

कारागिराने गाडी मधल्या स्टँडवर चढवून मागले चाक अधांतरी केले आणि आसापासून आसनाखालच्या खुणेपर्यंत टेपने माप घेतले. मग आम्हां दोघांस सामानासह बसवून तेच माप पुन्हा घेतले. फरक ८० मिलिमीटर भरला. या गाडीच्या मागल्या चाकाची एकंदर धाव १८० मिलिमीटर. तिचा सुमारे तिसरा हिस्सा दबावा, असा ठोकताळा आहे. त्याने आकड्यासारख्या पान्याने स्प्रिंगवरील कडी फिरवली, मापले, पुन्हा फिरवली, आणि ६२ वर समाधान मानले.

कडी आवळल्याने स्प्रिंग कठीण होते, असे पुष्कळांस वाटते. तसे नाही. स्प्रिंगचा ताठरपणा तिच्या तारेत व वेटोळ्यांत असतो, तो पान्याने बदलत नाही. कडी केवळ गाडीची पाठ उचलून धरते.

छतरूच्या पुढे एका ओढ्यात पाण्याखालचा धोंडा पुढल्या चाकाखाली आला. गाडी डगमगली, पण हँडलने ऐकले व आम्ही पार झालो. मेहुण्यांनी मात्र उरलेले ओढे पायी ओलांडले! बातलला थांबून मागल्या दांड्याजवळ हात नेला, तो चांगलाच तापलेला. स्प्रिंग धक्का झेलते, पण तो जिरवते नळीतील तेल, आणि जिरवलेल्या धक्क्याची उष्णता होते. तेल फार तापले की गाडी नुसती उसळत राहते. म्हणून चहाबरोबर तिलाही विसावा दिला.

पुढे काझ्यास मेहुण्यांनी विश्रांती घेतली. आम्ही एकटेच कीच्या मठाकडे निघणार होतो. एकट्याच्या ओझ्याने स्प्रिंग पुरेशी दबली नाही, तर चाकास खड्ड्यात उतरावयास धावच उरत नाही. तेव्हा किल्ली लावण्यापूर्वी पाना काढून कडी सैल केली.