म्हशीच्या पोटातला डालडा

तर झालं असं की, दिवाळीनंतरच्या शनिवारी पनवेलजवळच्या गावी मामाकडे गेलो. मामाच्या तीन म्हशी. डेअरीत भाव मिळतो तो फॅटवर, आणि फॅट सातवरून साडेपाचवर आलं होतं. डेअरीचं मशीनच खोटं म्हणून स्वारी भांडायला निघालेली.

"अरे, उलट मी तेल वाढवलं!"

चकल्यांचं उरलेलं तेल तो रोज पेंडीत ओतत होता. इनपुट वाढवलं की आउटपुट वाढणार... मीही हेच म्हटलं असतं. रात्री घरी येऊन वाचत बसलो, तेव्हा मधली सिस्टिम कळली.

म्हशीच्या पोटाचा पहिला आणि सगळ्यात मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. तिथे चारा आंबवतात ते अब्जावधी जिवाणू. तेल आलं की ते ग्लिसरॉल वेगळं काढून खातात. उरलेली फॅटी अ‍ॅसिडं असंतृप्त असतील तर ती त्यांना बाधतात, म्हणून त्यांना हायड्रोजन जोडून ती संतृप्त करतात. डालड्याच्या कारखान्यात हेच काम निकेल वापरून, तापवून, दाबाखाली करावं लागतं. इथे साधारण ३९ अंशांवर, फुकटात!

पण कारखान्याला कपॅसिटी असते. कोरड्या खाद्यात स्निग्धांश सहा-सात टक्क्यांपलीकडे गेला की जिवाणू हरतात, त्यातही तंतू पचवणारे आधी. आणि खरी गोची इथेच आहे. दुधातल्या फॅटचा मोठा हिस्सा कास स्वतः बनवते, तोही चाऱ्याच्या तंतूंपासून तयार होणाऱ्या अ‍ॅसिटिक आम्लातून. तंतू पचले नाहीत तर कासेला कच्चा मालच नाही. शिवाय हायड्रोजन जोडायचं काम बिघडलं की मधेच एक असं आम्ल तयार होतं, जे कासेतलं फॅट बनणंच दाबून टाकतं.

अख्खी सरकी बेताने दिली तर चालते, कारण तिच्यातलं तेल हळूहळू सुटतं. बाजारात बायपास फॅटही मिळतं. तो चक्क फॅटी अ‍ॅसिडचा कॅल्शियम साबण! कोटीपोटात जवळजवळ तसाच राहतो, पुढच्या आंबट कप्प्यात फुटतो.

सकाळी मामाला फोन केला. "तेल बंद कर, पेंढा आणि हिरवा चारा वाढव."

"आणि डबाभर तेल उरलंय त्याचं काय?" पलीकडून मामी काहीतरी ओरडली, ते इथे लिहीत नाही. :)

दोन आठवड्यांनी फॅट साडेसहा. मामा अजून रोज पावतीचा फोटो पाठवतो.