दवणा आणि नरक्या

चैत्री यात्रेची गर्दी ओसरल्यावर एके सकाळीं आम्ही पुतण्यासह जोतिबाच्या डोंगरावर गेलों होतों. पायऱ्या अजून गुलालानें माखलेल्या होत्या आणि हातांतील दवणा घमघमत होता. पुतण्याच्या आंतड्याचा कर्करोग यकृतांत पसरल्याचें आठच दिवसांपूर्वीं कळलें होतें. देवाजवळ दुसरें मागणें नव्हतें.

उतरतांना एका जडीबुटीवाल्यानें दुर्गंधी लांकडाचा तुकडा पुढें केला. "बाबा, हा नरक्या. ह्याचंच औषध परदेशांत करतात. चूर्ण दुधांतून द्या, इस्पितळ नको." चाळीस वर्षें मुलांस विचार करावयास शिकविलेल्या आम्हीं तें मुकाट्यानें विकत घेतलें.

घरीं सूनबाई म्हणाली, "काका, आधीं डॉक्टरांना दाखवूं, मग देऊं."

डॉक्टर म्हणाले, "झाड खरं आहे, चूर्ण मात्र विष आहे." मग त्यांनीं हकीकत सांगितली. नंदुरबारास जन्मलेले डॉ. मनसुख वाणी व त्यांचे अमेरिकन सहकारी डॉ. मन्रो वॉल यांनीं १९६६ सालीं एका चिनी वृक्षांतून कँप्टोथेसिन हें द्रव्य वेगळें काढलें. १९७२ सालीं तेंच आपल्या नरक्यांतही सांपडल्याचें प्रसिद्ध झालें. पेशी दुभागण्यापूर्वीं तिच्यांतील आनुवंशिक धाग्यांचा पीळ सोडविणारें एक विकर असतें. हें द्रव्य त्यास जखडतें व पेशी मरते. परंतु मूळ द्रव्य पाण्यांत नीट विरघळेना, आणि रोग्यांस त्याची इतकी बाधा झाली कीं प्रयोग थांबवावे लागले. मग रसायनज्ञांनीं त्याची घडण थोडी बदलून त्याचीं भावंडें तयार केलीं. त्यांतील इरिनोटेकान हें पसरलेल्या आंतड्याच्या कर्करोगावर १९९६ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. तें आपलें खरें रूप बहुतांशीं यकृतांतच धारण करतें.

औषधी नाहीं अशी एकही वनस्पति जीवकास तक्षशिलेभोवतीं सांपडली नाहीं, ही कथा आम्ही वर्गांत रंगवून सांगत असूं. त्याआधीं तो सात वर्षें शिकला होता, हें वाक्य मात्र घाईनें उरकीत असूं. सारा अर्थ त्या सात वर्षांत होता. त्या घाईचीच किंमत सह्याद्रीही देत आहे. अविचारी तोडीनें नरक्या विरळ होत चालला आहे.

पुतण्यास आतां तेंच औषध इतर औषधांबरोबर, रक्त तपासून, मोजून शिरेंतून देतात. गांठी गेल्या नाहींत. लहान झाल्या आहेत. पुढच्या चैत्रांत पुन्हां डोंगर चढण्याचा त्याचा हट्ट आहे. दवणा आम्ही अवश्य घेऊं. जडीबुटीवाल्यावरून जातांना मात्र सूनबाई आमचा हात धरणार आहे.