रेडमंडचा बोलका काळ

बिल गेट्स मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडले ते एका दिवसात नव्हे. जानेवारी २००० मध्ये त्यांनी मुख्याधिकारीपद स्टीव्ह बाल्मर यांच्याकडे सोपवलं. १५ जून २००६ रोजी रोजच्या कामातूनही निवृत्त होणार असल्याचं जाहीर केलं आणि २७ जून २००८ हा त्यांचा पूर्णवेळ कामाचा शेवटचा दिवस ठरला. या साडेआठ वर्षांत कंपनीच्या वतीने जगाशी कोण बोललं असं कुणी विचारलं, तर मी बाल्मर यांचं नाव घेणार नाही. पुण्यात बसून विंडोजसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांशी बोलले ते रेडमंड इथल्या मुख्यालयातले नोकरदार इंजिनीअर, आपापल्या ब्लॉगवरून आणि स्वतःच्या नावानिशी.

त्याआधीची मायक्रोसॉफ्ट आठवून पाहा. मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने मक्तेदारीचा खटला भरला. गेट्स यांच्या साक्षीचं चित्रीकरण कोर्टात दाखवलं गेलं, तेव्हा शब्दाशब्दावर अडून बसणारा संस्थापक साऱ्या जगाने पाहिला. जून २००० मध्ये कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश निघाला. पुढच्या वर्षी अपिलात तो रद्द झाला, पण लोकांची चीड काही गेली नाही. अशा कंपनीतली माणसं दोन-तीन वर्षांतच मनमोकळं लिहू लागली, याचं मला आजही नवल वाटतं.

रॉबर्ट स्कोबल २००३ मध्ये तिथे रुजू झाला. प्रतिस्पर्ध्याची वस्तू चांगली असेल तर तसं तो आपल्या ब्लॉगवर उघड लिहायचा. २००५ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’ने त्याच्यावर लेख लिहिला तो कंपनीला माणसाचा चेहरा देणारा अधिकारी म्हणून. एप्रिल २००४ मध्ये त्याने आणि त्याच्या चार सहकाऱ्यांनी ‘चॅनल नाइन’ सुरू केलं. युनायटेड एअरलाइन्सच्या विमानांत नऊ नंबरच्या वाहिनीवर प्रवाशांना वैमानिकांचं बोलणं ऐकता येई, त्यावरून हे नाव. कॅमेरा हातात धरून ही मंडळी इंजिनीअरांच्या खोल्यांत शिरायची. फळ्यावर अर्धवट आकृत्या, टेबलावर पसारा, आणि समोरचा माणूस आपलं काम समजावून सांगण्यात रंगलेला.

माझा जीव मात्र रेमंड चेनच्या लिखाणावर जडला. जुलै २००३ पासून तो विंडोजच्या पोटातल्या गोष्टी सांगू लागला. संगणक बंद करायला ‘स्टार्ट’ का दाबावं लागतं, हा प्रश्न तेव्हा थट्टेचा विषय होता. चेनने सांगितलं की, त्या बटणावर आधी ‘स्टार्ट’ असं लिहिलेलंच नव्हतं. चाचणीसाठी बसवलेली माणसं संगणक सुरू झाल्यावर पुढे काय करायचं ते न कळून नुसती बसून राहत, म्हणून त्यावर तो शब्द आला. एवढं वाचलं आणि त्या बटणाकडे बघण्याची माझी नजर बदलली. ज्याला आपण मूर्खपणा समजत होतो, त्याच्यामागे कुणीतरी गोंधळलेल्या माणसाकडे नीट पाहिलं होतं. हे कुठल्याही जाहिरातीने मला पटवून दिलं नसतं.

त्याच काळात मी संगणकावर मराठी लिहायला लागलो. विंडोज एक्सपीत देवनागरी आपोआप नीट उमटत नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करायची आणि मागेल तेव्हा सीडी घालायची. मग ‘मंगल’ फॉन्टमध्ये जोडाक्षरं जुळून यायची. त्या फॉन्टमागे आपले सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी होते. यातल्या अडचणींबद्दल मायकल कॅपलान नावाचा रेडमंडचा इंजिनीअर ‘सॉर्टिंग इट ऑल आउट’ या ब्लॉगवर भरभरून लिहायचा: युनिकोड, कीबोर्डची रचना, वर्णक्रम, आणि भारतीय लिप्यांतली विशेषतः तमिळ. लाखो लोकांच्या अक्षरांची इतकी काळजी वाहणारा माणूस त्या कंपनीत आहे, हे मला त्याच्यामुळे कळलं.

सगळंच गोड नव्हतं. ‘मिनी-मायक्रोसॉफ्ट’ या नावाने एक कर्मचारी ओळख लपवून कंपनीतल्या साचलेपणावर लिहायचा. मार्च २००६ मध्ये ‘व्हिस्टा’ ही विंडोजची नवी आवृत्ती पुन्हा लांबली, तेव्हा त्याच्याकडे कर्मचाऱ्यांचा संताप वाहू लागला. मे महिन्यात कामाच्या मूल्यमापनाची पद्धत बदलण्याची घोषणा झाली, आणि काटकसरीत बंद केलेले अंघोळीच्या खोल्यांतले टॉवेलसुद्धा परत आले. उघड बोलण्याची किंमतही मोजावी लागली. ऑक्टोबर २००३ मध्ये मोठ्या थाटात दाखवलेली विनएफएस ही फाइली साठवण्याची नवी योजना पुढच्याच वर्षी लॉन्गहॉर्नमधून, म्हणजे होऊ घातलेल्या व्हिस्टामधून, वगळावी लागली. आधी इतकं ऐकलेलं असल्यामुळे निराशाही मोठी झाली. तरीही तो सौदा मला पटतो. संस्थापक स्वतःच्या कंपनीबद्दल हवं ते बोलू शकतो. नेमलेल्या मुख्याधिकाऱ्याच्या शब्दावर शेअरचा भाव हलतो. ‘हे मी बनवलं, आणि असं का बनवलं ते सांगतो’ एवढं म्हणण्याची जागा या दोघांच्या मध्ये असते, आणि ती कामाशी नातं असलेला माणूसच भरू शकतो.

स्कोबलने नोकरी सोडत असल्याचं सांगितलं ते गेट्स यांच्या घोषणेच्या काही दिवस आधी. मग हळूहळू अनेकांचा आवाज एकाकडे आला. २०११ मध्ये विंडोज ८ बद्दलचे लेख निघाले, तेव्हा लिहिणारे इंजिनीअर वेगवेगळे असले तरी वर विंडोज विभागाचे प्रमुख स्टीव्हन सिनॉफ्स्की यांची प्रस्तावना असायची. कॅपलानचा ब्लॉग कंपनीच्या जागेवरून नाहीसा झाला, त्याने तो दुसरीकडे चालू ठेवला. २०१५ मध्ये तो गेला. चेन मात्र अजून लिहितो.

आज कंपनी कमी बोलते असं नाही. मुख्याधिकाऱ्याचं पत्र येतं, सुबक चित्रफीत येते, आणि लिंक्डइनवर तोच मजकूर कितीतरी कर्मचाऱ्यांच्या नावाखाली दिसतो. लिंक्डइनही २०१६ पासून मायक्रोसॉफ्टचंच. त्या मजकुराखाली ‘असं का केलंत?’ विचारलं तर ते बनवणारा माणूस उत्तर देईल, ही आशा मला उरलेली नाही.

आपल्याकडे हा काळ आलाच नाही, याची खंत अधिक आहे. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात जन्मली. २०१७ मध्ये तिचे एक संस्थापक नारायण मूर्ती आणि संचालक मंडळ यांच्यातला वाद चिघळला, १८ ऑगस्टला मुख्याधिकारी विशाल सिक्का यांनी राजीनामा दिला, आणि आठवडाभरात आणखी एक संस्थापक नंदन निलेकणी परतले. संस्थापकाचं म्हणणं वाचलं, मंडळाचं वाचलं, सिक्का यांचंही वाचलं. त्या कंपनीत रोज काम करणाऱ्या एखाद्या इंजिनीअरने नावानिशी लिहिलेलं काही माझ्या वाचनात आलं नाही. हिंजवडीत बसून जगातल्या बँकांचे व्यवहार चालवणारी माणसं आपल्या कामाबद्दल काय सांगतील, ते मला मराठीत, त्यांच्याच तोंडून ऐकायचं आहे.