चहा न पिकणारा सह्याद्री

बडोद्याच्या माणसाला पावागड सोडला तर डोंगरासाठी लांब जावं लागतं. म्हणून दिवाळी सरली, हवेत गारवा आला की आमच्याकडच्या मोटारसायकलवाल्यांच्या गप्पा हटकून मुन्नारवर येतात. विमानाने कोची गाठायचं, तिथे भाड्याची गाडी घ्यायची आणि चहाच्या मळ्यांतून दोन दिवस भटकायचं. माझ्या मित्राच्या डोक्यातही हेच होतं. मी त्याला म्हटलं, सह्याद्रीच बघायचा ना? त्याचं उत्तरेचं टोक आपल्याच बाजूला आहे. शनिवारी पहाटे बुलेट काढू, मुक्कामाला सापुतारा, रविवारी रात्री घरी.

तो तयार झाला. मात्र मळ्याशिवाय डोंगर कसला, ही त्याची कुरकुर डभोईपर्यंत चालू होती.

हमरस्ता टाळून आम्ही डभोई, राजपिपळा, नेत्रंग, मांडवी असे गेलो. डभोईजवळ 1731 मध्ये पहिल्या बाजीरावाने सेनापती त्र्यंबकराव दाभाड्यांचा पराभव केला. दाभाडे लढाईत पडले. त्यांच्या बाजूने लढणारे पिलाजीराव गायकवाड वाचले आणि पुढे गुजरातेत गायकवाडांचं बस्तान पक्कं झालं. मांडवीला तापी ओलांडली, की भूगोलाच्या पुस्तकातला सह्याद्री सुरू होतो. तिथून दक्षिणेला सुमारे 1,600 किलोमीटर, थेट कन्याकुमारीजवळ जाऊन ही रांग थांबते.

सोनगडला गाडी लावून किल्ला चढलो. पिलाजीरावांनी 1719 मध्ये सोनगड घेतलं, आणि बडोद्याचं राज्य उभं राहिलं ते या डोंगराच्या आधारावर. मैदानातली शहरं हातात यायची, जायची. पाठीशी हा किल्ला आणि हे जंगल असायचं. दांडिया बाजारात वाढलेल्या माझ्यासारख्याला लहानपणापासून सुरसागर, राजवाडा, सयाजीरावांचं ग्रंथालय दाखवलं गेलं. या डोंगराकडे बोट कुणी केलं नाही. गायकवाड ज्या वाटेने खाली उतरले ती वाट उलटी चढून जाणं हे बडोद्याच्या मराठी माणसाने एकदा तरी करावं असं मला मनापासून वाटतं.

किल्ल्यावरून उतरून आम्ही सुबीरच्या रस्त्याला लागलो, तेव्हा समोरून ट्रक यायला लागले. ट्रकच्या हौद्यात माणसं बसलेली. पातेली, गोधड्या, लाकूडफाटा, कोंबड्यांची खुराडी, आणि त्यात दाटीवाटीने बायका, तान्ही मुलं. एक गेला, मागून दुसरा. मित्राने गाडी बाजूला घेतली. कुठे लग्न आहे का, असं त्याने विचारलं, आणि पुढच्या ट्रकमध्ये बांधून ठेवलेले कोयते दिसल्यावर तो गप्प झाला.

आहव्याच्या अलीकडे एका झोपडीवजा दुकानात चहाला थांबलो. बाईने परसातली गवती चहाची पात तोडून आणली, दुधाशिवायच उकळला, गूळ नव्हता म्हणून साखर घातली. ती डांगी बोलत होती. खानदेशात थोडंफार राहिलेल्याला ही बोली अडत नाही. बडोद्याच्या मराठीवरही निभावून गेलं. 1960 मध्ये डांग जिल्हा गुजरातेत गेला, त्याआधी या बोलीवरून दोन्ही बाजूंनी बरंच भांडण झालं होतं. मित्राने तिला विचारलं, "मावशी, एवढा पाऊस पडतो इथे, मग चहाचे मळे का नाही लावत कुणी?"

ती म्हणाली, "होळीला या भाऊ. प्यायला पाणी मिळतं का बघा."

याहून नेमकं उत्तर शेतकी महाविद्यालयातही मिळालं नसतं. डांगात वर्षाला 2,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. चहाला आकडा म्हणून तो भरपूर आहे. पण चहाचं झुडूप पाणी एकदम मागत नाही, ते वर्षभर थोडं थोडं मागतं. मुळाशी पाणी साचूनही चालत नाही आणि महिनोन् महिने कोरडं राहूनही चालत नाही. आठवड्या-दहा दिवसांनी नवी पालवी खुडायची तर जमिनीत ओल हवी. निलगिरी-मुन्नारला नैर्ऋत्य मोसमी पाऊस मिळतो आणि परतीचाही मिळतो. आसामात मार्चपासूनच सरी येतात. इथे सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, काळ्या कातळावरून घसरतो आणि पूर्णा, अंबिका, गिरा, खापरी या नद्यांतून मैदानात निघून जातो. उरलेले आठ महिने डोंगर सुकत जातो. उतारावर नागली आणि वरई निघते, तीही पावसाळ्यापुरती.

आणि म्हणूनच ते ट्रक. पाणी ज्या दिशेने जातं त्याच दिशेने माणसं जातात. उकाईचं धरण 1972 मध्ये पुरं झालं, काकरापारचे कालवे आधीपासून होते. त्या पाण्यावर बारडोली, व्यारा, कामरेजच्या बाजूला ऊस वाढला, साखर कारखाने वाढले. तोडणीला हात लागतात. मुकादम भर पावसाळ्यात, घरातलं धान्य संपलेलं असताना, उचल देऊन जातो आणि दिवाळीनंतर ट्रक पाठवतो. नवराबायकोची जोडी मिळून हिशेबात एक कोयता. उचल मजुरीतून कापली जाते. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातेतल्या या मजुरांवर आयुष्यातली कित्येक वर्षं खर्ची घातली. ऊसतोडणीला जाणाऱ्या बीडच्या माणसाला यातला शब्द न् शब्द ओळखीचा वाटेल.

मुन्नारच्या मळ्यांतही हेच झालं, फक्त दिशा उलटी. तिथे डोंगर हिरवा राहतो, म्हणून माणसं खालून वर नेली. तमिळ गावांतून कंगाणी मजूर गोळा करायचा, हातात आगाऊ रक्कम ठेवून. कंगाणी म्हणजे त्यांचा मुकादमच. आसामच्या मळ्यांसाठी छोटा नागपूरचे आदिवासी असेच उचलले गेले. एका कप चहात पत्ती एका डोंगराची असते आणि साखर दुसऱ्याची, आणि दोन्हीकडे उचल घेऊन घर सोडलेली माणसं असतात. त्या दुकानात बसून हे लक्षात आल्यावर मला डोंगराच्या देखणेपणाबद्दल बोलवेना.

देखणा तो आहेच. शामगहाणहून वर चढणारी वळणं, सुकत आलेल्या गवताचा पिवळा रंग, सागाची मोठाली पानं, पलीकडे नाशिक जिल्ह्यातला हातगड. या सागावर बाहेरच्यांची नजर जुनी. इंग्रजांनी 1842 मध्ये भिल्ल राजांकडून ही जंगलं पट्ट्याने घेतली. आमच्या गायकवाडांनीही पुढे बिलिमोऱ्याहून वघईपर्यंत आगगाडी नेली आणि सागवान खाली आणलं. सयाजीरावांनी सोनगडला आदिवासी मुलांसाठी वसतिगृह काढलं, हेही तितकंच खरं, आणि त्याचं मोल मी कमी मानत नाही. तरी दोन्ही बाजू मांडल्या तर डोंगराने बडोद्याला जास्त दिलं, असंच माझं मत आहे.

सापुताऱ्याला तळ्याभोवती गर्दी होती, होड्या होत्या, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

रविवारी परतताना आम्ही मुद्दाम वघई, उनाई, व्यारा, बारडोली असा रस्ता धरला. उसाच्या फडाकडेला पाचटाच्या खोपट्यांचे पडाव लागले होते. एका पडावावर सोनगडच्या रस्त्यावर दिसलं होतं तसंच एक खुराडं ठेवलेलं होतं. मित्र उतरला, बायांशी बोलला, मुलं शाळेत जातात का विचारलं. डोंगरातल्या शाळेत नाव आहे, असं उत्तर आलं. होळीला चार दिवस गावी जाऊ, डांग दरबारची जत्रा बघू, परत येऊ, असंही त्यांनी सांगितलं.

डोंगरात पाणी अडवलं, दुसरं पीक निघालं, तर यांतले निम्मे ट्रक थांबतील. साखर कारखाने सहकारी आहेत, सभासदांचे आहेत. पडावावर शाळा आणि पिण्याचं पाणी मागण्याचा हक्क सभासदांना आहे, आणि तो त्यांनी बजावावा. तुम्ही बडोद्याहून सापुताऱ्याला जाणार असाल तर दिवाळी ते होळीच्या दरम्यान जा, जाताना सोनगडवरून आणि येताना बारडोलीवरून या. पडावापाशी गाडी थांबवा, बोला. मराठी माणसाला तिथे दुभाष्या लागत नाही.