तेलाची वात

सप्टेंबर २०२०. आमटीला फोडणी देत होते. हिंग घातला आणि थबकलेच. हिंग असा गप्प राहतो का कधी? डबी नाकाशी धरली. काही नाही. लसूण ठेचली, उदबत्ती लावून पाहिली... काहीच नाही. दोन दिवसांनी तपासणीचा अहवाल आला, करोना. ताप घरातल्या घरात उतरला, पण नाक गेले ते गेलेच.

"एवढ्यावर निभावलं" असे सगळे म्हणाले. त्या वर्षी ते खरेही होते. तरी दिवाळी जवळ येऊ लागली तसा माझ्या पोटात गोळा उठला. आमच्याकडे अभ्यंगाचे तेल विकत आणत नाहीत. आधी आई करायची, तिच्यामागे मी करते. आणि ते तेल मी आजवर नाकाच्या भरवशावर करत आले होते.

गिरगावात आमच्या दोन खोल्या होत्या. दसरा झाला की आई भुलेश्वरहून काष्ठौषधींच्या पुड्या आणायची. वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, गव्हला, जटामांसी. रात्रभर भिजवायचे, सकाळी पाट्यावर बारीक वाटायचे. या गोळ्याची एक वाटी, तिळाचे तेल चार वाट्या आणि पाणी सोळा वाट्या. एवढे पाणी कशाला, हे तिने कधी सांगितले नाही. पुढे एका वैद्यांकडून कळले की आयुर्वेदात तेल सिद्ध करायचे प्रमाण हेच आहे. भांड्यात पाणी असेपर्यंत आच फार चढत नाही, मुळ्या करपत नाहीत आणि त्यांचा गुण सावकाश तेलात उतरतो. आईचे शिक्षण चौथीपर्यंत. शार्ङ्गधराचे नाव तिने ऐकले असेल असे वाटत नाही!

मंद स्टोव्हवर दुपार सरायची. वास मजलाभर पसरायचा आणि गॅलरीतून कोणीतरी हमखास विचारायचे, "झालं का हो तेल?" शेवटी आई चमच्याने थोडा चोथा काढून बोटांनी वळायची आणि ती वात निखाऱ्यावर टाकायची. तडतडली तर आत पाणी आहे, अजून थांबा. न बोलता जळली तर तेल झाले. पाणी राहिले तर तेल लवकर खवट होते. मला तो तिचा जुना खेळ वाटायचा. मी आपली वाफेवर वाकून वास घ्यायची. पाणी संपत आले की ओल्या मातीचा वास जाऊन वाळ्याचा गोड, जड वास वर येतो, तेवढी खूण मला पुरे होती.

जाता जाता एक सांगते. गुलाब, मोगरा यांना असे उकळू नये. त्यांचा सुगंध हलका, वाफेबरोबर निघून जातो. म्हणून तर जुने लोक तिळांत फुलांचे थर घालून ठेवत, फुले कोमेजली की बदलत, आणि मग ते वासाचे तीळ घाण्याला देत. ते फुलेल. हौस असली तरी चाळीच्या खोलीत जमणारे काम नाही ते.

मी लालबागच्या एका मराठी शाळेत शिकवत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि त्या वर्षीची दिवाळी आली तरी मिटला नव्हता. वर्गातल्या निम्म्या मुलींचे वडील घरी बसलेले. आईला हे सांगितले, तर तिने काही न बोलता दुप्पट तेल केले. औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत भरून मी ते काही मुलींना दिले. देताना मनात धाकधूक होती, यांना अपमान तर वाटणार नाही? सुटी संपली. पहिल्या दिवशी मी वर्गाच्या दारात पाऊल ठेवले आणि आईच अंगावरून गेल्यासारखे झाले. मधल्या बाकावर एक मुलगी चापून वेणी घालून बसली होती. पहिल्या आंघोळीला तिने ते वापरलेच नव्हते, शाळेसाठी जपून ठेवले होते. मी घाईघाईने फळ्याकडे वळले आणि तारीख लिहीत बसले.

हा वास आपल्याला पुन्हा येणार नाही, या विचाराने २०२० मध्ये मी हादरले होते. कोणाला सांगणार? माणसे जात होती आणि मी वाळ्याचे काय घेऊन बसले होते.

डॉक्टरांनी वासाचा व्यायाम सांगितला. ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचे, महिनोन् महिने. मी आपला पाचवा वाळा घातला.

तेल मात्र केलेच. सामान मुलाने आणून दिले. भांड्याशी बसले आणि वाफेवर वाकले, तर नुसती ऊब. मग आईची वात आठवली. पहिली गॅसच्या ज्योतीवर धरली, तडतडली. दुसरीही. तिसऱ्या वेळी तेलावर फेस चढला होता, तीही तेलाची खूणच. वात धरली. आवाज नाही. सात वर्षांच्या नातीला बोलावून म्हटले, "बघ गं, कसला वास येतोय?" तिने नाक फेंदारून विचार केला. "आजी, आपल्या माठातल्या पाण्याचा."

दादरच्या आमच्या घरी उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी असते.

आता पाच वर्षे झाली. लवंग पहिल्यांदा परत आली, मग लिंबू. हिंग आला तेव्हा घरभर सांगत सुटले. वाळा अजून अर्धामुर्धाच येतो, कधी येतो, कधी नुसता भास. त्यामुळे गेल्या दिवाळीतही नातच शेजारी उभी होती. चोथा तिनेच वळला, चिमट्यात धरून ज्योतीवर नेला. आम्ही दोघी कान देऊन थांबलो.

"नाही वाजली," ती म्हणाली. मी गॅस बंद केला.