फॅनमधला पाऊस

मिनियापोलिस, ९ जानेवारी
बाहेर उणे १८. बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन लावला की जाळीतून पाणी टपकतं. आई म्हणाली, "छप्पर गळतंय रे." पण छपरावरचा बर्फ तर दगडासारखा घट्ट आहे. आणि अंघोळीच्याच वेळेला गळणारं छप्पर कुठलं?

११ जानेवारी
अ‍ॅटिकमध्ये चढलो. घराची ऊब खालच्या फायबरग्लासने अडवलेली, त्यामुळे वर जवळपास बाहेरचीच थंडी. फॅनपासून छपरापर्यंत तारेच्या वेटोळ्यांची पातळ, चंदेरी नळी गेलेली, मध्येच लोंबलेली. तो लोंबलेला भाग हलवला तर आत बर्फाचे खडे खुळखुळले. २४ अंशांच्या दमट हवेत घनमीटरमागे २२ ग्रॅमपर्यंत वाफ मावते. उणे १५ला जेमतेम दीड ग्रॅम. बाकीची नळीतच गोठते आणि पुढच्या अंघोळीची गरम हवा लागली की वितळून उलटी आपल्या डोक्यावर. बिल्डरने वाचवलेले चार पैसे ते हेच.

१२ जानेवारी
छपरवाला येऊन गेला. अ‍ॅटिकमध्ये डोकावलासुद्धा नाही. म्हणे सगळं छप्परच बदला. चहा पाजून वाटेला लावला.

१८ जानेवारी
आज उणे ४, इथल्या हिशेबाने उकाडाच. चार इंची, सरळ, पत्र्याची नळी टाकली. वळण एकच, तोंड बाजूच्या भिंतीतून बाहेर. फुटामागे पाव इंच उतार, तोही बाहेरच्या अंगाला, म्हणजे थेंब जमलाच तर अंगणात पडेल. सांध्यांना अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी (करडी कापडी पट्टी वाळून सुटते), वरून आर-८चं (उष्णता अडवण्याचं माप) आवरण, त्यावर फायबरग्लासचा ढीग. हवा नळीतून बाहेर पडेपर्यंत गरम राहिली पाहिजे, बाकी सगळी खटपट त्यासाठीच. शेजारी म्हणत होता, वळचणीखालून काढ, सोपं पडेल. सोपं खरं, पण वळचणीच्या भोकांतून अ‍ॅटिक हवा आत ओढतं. तीच वाफ पुन्हा वर!

२० जानेवारी
फॅनला वीस मिनिटांचा टायमर बसवला. अंघोळीनंतर फॅन चालला तरच नळी कोरडी होते. आई मात्र बाहेर येताच बटण दाबते: "रिकाम्या मोरीत पंखा कशाला? वीज काय फुकट येते?" साताऱ्यातल्या न्हाणीघराला जाळीची खिडकी होती, तिथे हा प्रश्नच नव्हता.

२७ जानेवारी
उणे २४. जाळी कोरडी. भिंतीबाहेरची झडप मात्र वाऱ्याने रात्रभर खडखडते. शनिवारी स्प्रिंगची आणायची.