नऊ आणे

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस माझ्या सीझनचे. घरोघरी माळे आवरले जातात आणि बुलढाण्यातल्या रद्दीच्या दुकानांत पोती येऊन पडतात. जुनी पंचांगं, शाळेची क्रमिकं, भजनांच्या चोपड्या आणि नशीब असेल तर १९१०-२०च्या सुमाराचं, मुखपृष्ठ गेलेलं एखादं मराठी पुस्तक. बायको म्हणते, लोक घाण बाहेर काढतात आणि तुम्ही आत आणता. खोटं नाही.

पुस्तक हाती आलं की मी आधी छापखान्याची ओळ शोधतो. कुणी छापलं, कुठे छापलं, कुणी प्रसिद्ध केलं. १८६७च्या कायद्याने ती सक्तीची झाली. सरकारला छापणाऱ्यांवर नजर ठेवायची होती. त्या संशयाचं फळ आज रद्दी चिवडणारा माझ्यासारखा खातो. जपानमध्ये त्याच काळात शेवटच्या पानावर लेखकाच्या शिक्क्याची चिठ्ठी चिकटवलेली असे, म्हणजे प्रती किती निघाल्या ते लेखकालाही कळावं. तोक्योच्या जिम्बोचो भागात जुन्या पुस्तकांची दुकानंच दुकानं आहेत. तिथला गिऱ्हाईक तो शिक्का पाहून हरखत असेल. आपल्या लेखकाच्या हाताची अशी खूण माझ्या तरी हाती लागलेली नाही.

मला सगळ्यात हवं असलेलं पुस्तक मात्र याहून जुनं आहे आणि ते आमच्याच गावच्या बाईंचं आहे. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’. १८८२, पुण्याचा श्रीशिवाजी छापखाना, ५०० प्रती, किंमत नऊ आणे. वडील बापूजी हरी शिंदे इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क. मुलीला त्यांनीच शिकवलं. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्राने त्या निमित्ताने समस्त बायकांवर तोंडसुख घेतलं. ताराबाईंना त्याचा राग आला तो इथे, घाटावर, पुण्यापासून इतक्या लांब. आमच्या गावाला आजही रेल्वे नाही. ते हस्तलिखित बहुधा राजूर घाट उतरून मलकापूरला गेलं असेल आणि तिथून गाडीने पुढे. बैलगाडीतलं ते बाड माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

१८८५ साली जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर जवळपास नव्वद वर्षं सामसूम. ताराबाईंनी पुन्हा काही छापल्याचं आढळत नाही. १९७५ साली स. गं. मालश्यांनी पुस्तक पुन्हा प्रसिद्ध केलं, तेव्हा कुठे गावाला आपल्या लेखिकेचं नाव कळलं. आमच्याच जिल्ह्यातल्या मेहकरच्या कवी ना. घ. देशपांड्यांचं नशीब निराळं. त्यांची ‘शीळ’ जी. एन. जोशींच्या आवाजात तबकडीवरून आधीच घरोघरी पोचली होती. त्या नावाचा संग्रह आला तो १९५४ साली. ताराबाईंचा संताप कोण गाणार?

‘दुर्मीळ’ हा शब्द आम्ही नादिष्ट लोक दागिन्यासारखा वापरतो. ५०० प्रतींतल्या बहुतेक कुणीतरी जपल्या नाहीत, वाळवीला दिल्या, बंब पेटवायला घेतल्या, एवढाच त्याचा अर्थ. माझ्याकडे मालश्यांचीच प्रत आहे, कडा दुमडलेली, मार्जिनमध्ये कुणीतरी शाईने ‘खरे आहे’ लिहिलेली. कुणाच्या घरातून आली, माहीत नाही. अक्षर मात्र बाईमाणसाचं वाटतं.

तेव्हा यंदा माळा आवराल तर ट्रंकेतला तळाचा थर पोत्यात भरण्याआधी एकदा उघडा. ‘श्रीशिवाजी छापखाना, पुणे’ दिसलं तर कळवा. विकू नका म्हणत नाही, मला द्या असंही नाही. नुसतं बघू द्या.